फासेपारध्यांची दोरी आणि फासे

फासेपारध्यांची दोरी आणि फासे या नावाखाली फासेपारधी या भटक्या शिकारी समाजाने पक्षी व मृग जिवंत पकडण्यासाठी वापरलेल्या दोऱ्या, तात, केसांचे फासे आणि जाळी यांचा समावेश होतो. मराठवाडा व वऱ्हाड यांच्या सीमेवरील माळराने, म्हणजे आजच्या हिंगोली, परभणी, वाशीम व अकोला या जिल्ह्यांचा प्रदेश, हे या समाजाच्या भटकंतीच्या क्षेत्रांपैकी एक होय. बंदुकीऐवजी दोरीवर भिस्त ठेवणाऱ्या आणि सारे बिऱ्हाड बरोबर घेऊन फिरणाऱ्या या समाजाला दोरीपासून दोन गोष्टी हव्या असत: ती वाहून नेण्यास हलकी असावी आणि तिने सावज धरून ठेवावे, मारू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांची शिकार बेकायदेशीर ठरली असून ही साधने आज मानवशास्त्र, इतिहास व वन्यजीव संवर्धन यांच्या अभ्यासाचा विषय झाली आहेत.

संज्ञा

'पारध' म्हणजे शिकार आणि पारध करणारा तो पारधी. फाशांनी पारध करणारे ते फासेपारधी. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी या नोंदीखाली फासेपारधी, टाकणकार, चिता पारधी, अडविचिंचेर, शिकारी, बहेलिया इत्यादी गट एकत्र दिलेले आहेत. यांपैकी अनेक गटांची नावे साधनावरून किंवा व्यवसायावरून पडली आहेत. चिता पारधी माणसाळलेल्या चित्त्याकडून हरणांची शिकार करीत, तर टाकणकार जात्यांना टाकी लावण्याचे काम करीत.

दोरीविषयी मराठीत मोठी शब्दसंपदा आहे. बारीक ती सुतळी, मध्यम ती दोरी, जाड तो दोर व त्याहून जाड ते चऱ्हाट. जनावर बांधण्याचे ते दावे आणि बैल हाकण्याचा तो कासरा. ज्या पदरांना एकत्र पीळ देऊन दोरी वळली जाते त्या पदरांना पेड म्हणतात. ओढताच सुटते ती सुरगाठ, सहजी सुटत नाही ती निरगाठ, आणि ओढल्यावर आवळत जातो तो सरकफास. प्राणी अडकवण्याच्या दोरीच्या मोठ्या जाळ्यास वाघर किंवा वाघूर म्हणतात. हा शब्द संस्कृत 'वागुरा' या शब्दापासून आला आहे.

पार्श्वभूमी

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके आहेत. उत्तरेस वाशीम व यवतमाळ, पश्चिमेस परभणी आणि आग्नेयेस नांदेड हे जिल्हे आहेत. पैनगंगा, कयाधू व पूर्णा या येथील प्रमुख नद्या होत. नद्यांच्या काठी काळी कसदार जमीन, तर उंचवट्यांवर मुरमाड माळ व विरळ काटेरी झुडपे, अशी येथील भूरचना आहे. काळवीट, नीलगाय (रोही), रानडुक्कर, ससा, मोर, तित्तर व लावा हे अशा प्रदेशातील प्राणी व पक्षी होत.

उघड्या माळावर लपण्यास जागा नसते आणि हरणास दुरूनच माणूस दिसतो. त्यामुळे तेथे सावजाचा पाठलाग करण्यापेक्षा त्याच्या वाटेवर दोरी मांडून वाट पाहणे किंवा त्यास दोरीकडे हळूहळू वळवणे ही रीत रूढ झाली. ही रीत प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मृगयेच्या प्रकारांचे वर्णन आहे. मोगल काळातील 'ऐन-ए-अकबरी'मध्ये माणसाळलेल्या हरणाच्या शिंगांना जाळे बांधून रानटी हरीण पकडण्याची पद्धत नोंदवलेली आहे. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतांतील जाती-जमातींवरील ग्रंथात पारध्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे.

मल्होत्रा, खोमणे व गाडगीळ यांनी १९८३ मध्ये महाराष्ट्रातील तीन भटक्या समाजांच्या शिकारपद्धतींचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार एकाच प्रदेशात वावरणाऱ्या या समाजांनी सावजे जणू वाटून घेतली होती. फासेपारधी फाशांनी काळवीट, मोर, तित्तर व लावे पकडत. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर व घोरपड यांची शिकार करीत. वैदू लहान मांसाहारी प्राणी, तसेच मासे, खेकडे व कासवे पकडत. कुत्रा, सापळा व दोरी या साधनांतील भेदाने समाजासमाजांतील स्पर्धा मर्यादित ठेवली होती.

कच्चा माल

पारंपरिक दोऱ्यांचे धागे वनस्पतिजन्य व प्राणिजन्य अशा दोन प्रकारचे असत.

वनस्पतिजन्य धाग्यांत अंबाडी व ताग हे प्रमुख होते. मराठवाड्यात ज्वारीच्या शेताच्या कडेने अंबाडी लावण्याची पद्धत होती. पाल्याची भाजी होई आणि खोडे पाण्यात कुजवून त्यांची साल सोलली की लांब, चकचकीत धागा मिळे. ताग या नावाने मराठीत दोन भिन्न वनस्पती ओळखल्या जातात. दोरीसाठी वापरला जाणारा देशी ताग, म्हणजे सन किंवा बोरू, ही शेंगवर्गीय वनस्पती असून पोत्यांचा ताग, म्हणजे ज्यूट, वेगळा आहे. आपट्याची साल, पळसाच्या मुळ्यांची साल व मुरुडशेंगेची साल यांपासूनही रानात ऐनवेळी दोरी करता येई. घायपात किंवा केकताड ही वनस्पती मूळची अमेरिकेतील आहे. तिच्या पानांचा धागा जाड व राठ असल्याने तो चऱ्हाटासाठी चांगला, पण बारीक फाशासाठी निरुपयोगी ठरतो. गावगाड्यात शेतकऱ्यांसाठी केकताडाचे व अंबाडीचे दोरखंड वळण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते. पोळ्याला बैलांसाठी लागणारे नवे कासरे व दावी त्यांच्याकडूनच येत.

प्राणिजन्य धाग्यांत घोड्याच्या शेपटीचे केस, तात व कातड्याची वादी यांचा समावेश होतो. तात म्हणजे जनावराच्या आतड्यापासून काढलेली दोरी. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात याच प्रकारची असे. घोड्याच्या केसाला स्वतःचा ताठरपणा व लवचीकपणा असल्याने त्याचा लहान फासा आधाराशिवाय उघडा राहतो, आणि सुताचा फासा मात्र मिटून पडतो. तात बारीक असूनही बळकट असते, परंतु ती पाणी शोषून मऊ व ढिली पडते. त्यामुळे तिला पावसापासून जपावे लागे.

दोरी वळण्याचे तत्त्व

कोणताही नैसर्गिक धागा दोरीच्या मानाने आखूड असतो. अशा तुटक धाग्यांपासून अखंड व बळकट दोरी बनते ती पिळामुळे. पीळ दिल्यावर धागे एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्यातील घर्षण त्यांना घसरू देत नाही. एका दिशेने पिळलेले दोन किंवा तीन पेड एकत्र घेऊन त्यांस उलट दिशेने पीळ दिला की पेडांचा उकलण्याचा कल व दोरीचा उकलण्याचा कल परस्परांना अडवतात, आणि दोरी हातातून सोडली तरी उकलत नाही. पीळ कमी पडला तर धागे घसरतात. जास्त झाला तर दोरी राठ होते, तिला आढ्या पडतात व तिचे बळ घटते. फाशासाठी माफक पिळाची, मऊ व गुळगुळीत दोरी लागते, कारण सरकफासातून ती न अडखळता सरकली पाहिजे.

निवडीचे निकष

वजन व जाडी. एकाच धाग्याच्या दोरीचे बळ तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. म्हणून जाडी दुप्पट केली तर बळ सुमारे चौपट होते, आणि वजनही चौपट होते. वजन कमी करण्याचे मार्ग दोनच: कामापुरतीच जाडी ठेवणे, किंवा त्याच वजनात अधिक बळ देणारा धागा निवडणे. वेगवेगळ्या धाग्यांची तुलना करण्यासाठी 'तुटण्याची लांबी' हे माप वापरतात. दोरी टांगली असता किती लांबीला ती स्वतःच्याच भाराने तुटेल, हे त्यावरून कळते. हे माप जाडीवर अवलंबून नसते.

झटका. दोरीवर येणारा ताण केवळ सावजाच्या वजनाने ठरत नाही, तर त्याला किती अंतरात थांबवले जाते यावरूनही ठरतो. समजा, ३५ किलो वजनाचा काळवीट ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावत आहे. त्याची गतिज ऊर्जा १,७५० जूल होते. दोरीने त्यास १० सेंटिमीटरात थांबवले, तर सरासरी ताण सुमारे १,७८० किलो वजनाइतका येईल. हेच थांबणे एक मीटर अंतरात झाले, तर ताण सुमारे १७८ किलोवर येईल. पहिल्या बाबतीत दोरी तुटेल किंवा प्राण्याचे हाड मोडेल. दुसऱ्या बाबतीत बरीच बारीक दोरीही पुरेल. म्हणून मृगाच्या फाशात दोरीला काही प्रमाणात ओढले जाण्यास वाव असणे महत्त्वाचे ठरते. हलकी दोरी शक्य होण्याचे आणि सावज जिवंत राहण्याचे कारण एकच आहे.

रुंदी. फास आवळल्यावर कातडीवर पडणारा दाब दोरीच्या रुंदीनुसार बदलतो. समान ताणाखाली एक मिलिमीटर जाडीची तार सहा मिलिमीटर रुंदीच्या वादीच्या सुमारे सहापट दाब देते. वादी धरून ठेवते, तार कापते.

गाठ. गाठीपाशी दोरी तीव्र वळण घेते आणि तिचे बळ सामान्यतः तीस ते पन्नास टक्क्यांनी घटते. त्यामुळे दोरीचे बळ मोजताना गाठीचे बळच हिशेबात धरावे लागते. राठ दोरीत गाठ टिकते, पण फास नीट सरकत नाही. गुळगुळीत दोरीत याच्या उलट घडते.

ओल. सूत व बहुतेक सालींचे धागे ओले झाल्यावर फुगतात, दोरी आखडते व गाठी घट्ट होतात. असे धागे वारंवार भिजून ओले राहिले तर कुजतात. तात ओली झाली की ढिली पडते. पावसाळ्यात एक व उन्हाळ्यात दुसरे साधन वापरणे हे या गुणधर्मांमुळे सोयीचे ठरे.

रंग व वास. वाळलेल्या कुसळीच्या गवतात पांढरी दोरी उठून दिसते, तर अंबाडीची किंवा केसाची दोरी मिसळून जाते. हरिण व ससा यांचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असल्यामुळे नव्या दोरीपेक्षा वापरून मळलेली, मातीचा वास लागलेली दोरी अधिक उपयुक्त असते.

सावजानुसार साधने

तित्तराचे वजन साधारण २५० ते ३५० ग्रॅम असते, तर लावा १०० ग्रॅमच्याही आतला असतो. अशा पक्ष्यांसाठी लहान खुंट्यांच्या रांगेला बारीक फासे बांधलेले असत. पूर्वी हे फासे केसांचे असत, पुढे त्यांची जागा नायलॉनने घेतली. पिंजऱ्यातील पाळीव तित्तराच्या आवाजाने रानातील तित्तर आकर्षित होत. लांबच लांब रांग गुंडाळली की ती एका लहान झोळीत मावे. भटक्या समाजाच्या दृष्टीने हा मोठा गुण होता.

काळविटासाठी तात व वादी यांच्या बळकट फाशांची लांब माळ वापरली जाई. शिकवलेल्या गाईच्या आडोशाने पारधी कळपाजवळ जात आणि कळप हळूहळू फाशांच्या दिशेने वळे. ससा व तत्सम प्राण्यांसाठी वाघर लावून हाकारा केला जाई. वाघरीची दोरी फाशापेक्षा जाड असली तरी भार अनेक गाठींवर विभागला जात असल्याने तिचा प्रत्येक पेड तुलनेने बारीक चालत असे.

जिवंत धरणे व सोडून देणे

माधव गाडगीळ व रामचंद्र गुहा यांनी 'धिस फिशर्ड लँड' (१९९२) या ग्रंथात फासेपारध्यांच्या एका रिवाजाची नोंद केली आहे. फाशात सापडलेली गाभण मादी व पाडस यांना हा समाज परंपरेने सोडून देत असे. पुढील वर्षांच्या शिकारीची तरतूद या दृष्टीने या रिवाजाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले आहे.

हा रिवाज पाळता येण्यासाठी साधनही तसेच असावे लागते. बंदुकीची गोळी सुटल्यावर परत बोलावता येत नाही. तार आवळल्यावर प्राणी सुटला तरी बहुधा जखमी असतो. मऊ व रुंद दोरी, झटका सोसण्यास वाव आणि फाशाजवळ माणसाची उपस्थिती या तीन गोष्टी एकत्र असतील, तरच पकडलेल्या प्राण्याविषयी निर्णय घेण्यास अवकाश उरतो. दोरीच्या निवडीत असा संयमाचाही भाग होता. अर्थात, ही पद्धत संपूर्णपणे निरुपद्रवी होती असे नव्हे. पकडलेले बहुसंख्य प्राणी व पक्षी खाण्यासाठी किंवा विक्रीसाठीच असत.

कृत्रिम धागे

नायलॉनचा शोध १९३५ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने लावला. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीच्या दोऱ्यांसाठी त्याचा मोठा वापर झाला. आज परदेशांत कायदेशीर शिकारीसाठी आणि सर्वत्र गिर्यारोहण, पदभ्रमण व तंबू यांसाठी हलक्या कृत्रिम दोऱ्या वापरल्या जातात. त्यांतील प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे:

• नायलॉन: घनता १.१४. चांगला ताणला जातो, म्हणून झटका सोसतो. ओला झाल्यावर बळ काहीसे घटते व दोरी सैलावते.
• पॉलिएस्टर: घनता १.३८. कमी ताणला जातो, ओलीत बळ टिकते, ऊन चांगले सोसतो. ताडपत्री व तंबू ताणून बांधण्यास योग्य.
• पॉलिप्रोपिलीन: घनता ०.९१. पाण्यावर तरंगतो व स्वस्त असतो, परंतु उन्हाने लवकर ठिसूळ होतो.
• उच्च बळाचे पॉलिएथिलीन (डायनीमा इत्यादी): घनता ०.९७. वजनाच्या मानाने अत्यंत बळकट, पण निसरडे असल्याने साध्या गाठी सुटतात. सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने घर्षणाच्या उष्णतेपासून जपावे लागते.
• अरामिड (केव्हलार इत्यादी): घनता १.४४. उष्णता सोसतो, मात्र वारंवार दुमडल्याने व उन्हाने कमजोर होतो.

'पॅराकॉर्ड' या नावाने ओळखली जाणारी सुमारे चार मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी गाभा व वेष्टन अशा रचनेची असते. तिच्या प्रचलित तिसऱ्या प्रकारास सुमारे २५० किलो भार सोसावा लागतो व तिचे वजन मीटरमागे साधारण ६.६ ग्रॅम असते. यावरून तिची तुटण्याची लांबी सुमारे ३८ किलोमीटर येते. दोन मिलिमीटर जाडीची डायनीमा दोरी मीटरमागे तीन ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी वजनात तेवढा किंवा अधिक भार सोसू शकते. तथापि ती जवळजवळ ताणली जात नाही, हाताला कापते आणि तिच्यात गाठीमुळे होणारी बळाची घट अधिक असते. केवळ वजन पाहून दोरी निवडू नये, हे यावरून स्पष्ट होते. बारीक दोऱ्या सामान बांधण्यासाठी असतात. माणसाचा भार पेलण्यासाठी त्या वापरणे धोक्याचे असून त्यासाठी प्रमाणित गिर्यारोहण दोरच वापरावा लागतो.

नायलॉन व तारेचे दुष्परिणाम

अंबाडीचा विसरलेला फासा पावसाळ्यात कुजून जातो. नायलॉनचा फासा वर्षानुवर्षे टिकतो आणि मांडणारा निघून गेल्यानंतरही प्राणी अडकवत राहतो. त्याहून घातक म्हणजे तारेचे फास. वाहनांच्या क्लच व ब्रेकच्या तारा सहज मिळतात. अशा तारेचे फास पिकांचे रानडुकरांपासून रक्षण करण्यासाठी किंवा मांसासाठी लावले जातात. तार सावज निवडत नाही. रानडुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या, वाघ किंवा तरसही अडकतो. तार तोडून निसटलेला प्राणी गळ्यात किंवा पायात रुतलेला फास घेऊन फिरतो आणि जखम चिघळून मरतो. त्यामुळे वनक्षेत्रांत पायी फिरून फास शोधणे व काढून टाकणे हा गस्तीचा भाग झाला आहे.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबरच पकडणे, फासात किंवा सापळ्यात अडकवणे, हाकारा करणे व आमिष दाखवणे, तसेच तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश आहे. कलम ९ नुसार अनुसूचित वन्यप्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे. काळवीट व मोर पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची किमान रक्कम २५,००० रुपये केली. गुन्ह्यात वापरलेला सापळा वा साधन शासनजमा होते. पिकांची हानी करणाऱ्या किंवा माणसास धोकादायक ठरलेल्या प्राण्याबाबत कलम ११ नुसार सक्षम अधिकारीच परवानगी देऊ शकतो.

सामाजिक परिणाम व सद्यस्थिती

पारध्यांवर दोन कायद्यांचे दूरगामी परिणाम झाले. ब्रिटिश सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची पद्धत सुरू केली व पुढे पारध्यांचे गटही तिच्या कक्षेत आले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, परंतु संशयाचा शिक्का कायम राहिला. १९७२ च्या कायद्याने वन्यजीवांना आवश्यक संरक्षण दिले. त्याच वेळी शिकारीवर जगणाऱ्या समाजाचा व्यवसाय बेकायदेशीर झाला. जमीन व शिक्षण यांच्या अभावी अनेक कुटुंबे मजुरीकडे वळली. दुसऱ्या बाजूस माळराने शेतीखाली येत गेल्याने काळवीट, तणमोर व तित्तर यांचा अधिवासही आक्रसला.

वाशीम व अकोला जिल्ह्यांत या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले आहे. वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. याच परिसरात 'संवेदना' ही संस्था फासेपारधी समाजाबरोबर माळरान व तणमोर यांच्या संवर्धनाचे काम करते. कोणता पक्षी कोणत्या गवतात घरटे करतो, त्याची वाट कोणती व तो कोणत्या वेळी साद देतो, हे फासे मांडणाऱ्यास माहीत असावेच लागे. हेच ज्ञान पक्ष्यांच्या नोंदी व गवताळ प्रदेशाच्या राखणीसाठी उपयोगी पडते.

हेही पहा

• पारधी
• हिंगोली जिल्हा
• अंबाडी
• काळवीट
• तणमोर
• वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२